सातानंतर थेट दहा

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत यंत्र मुरगावला लागलं.
पेटीवर तीन भाषांत लिहिलेलं: उलटं करू नका.
चौथीत लिहिलं नव्हतं, म्हणून ते उलटं उतरलं.

कंपनी हॅलोवेल डेटा.
दोघे साडू, बंद पडलेला बुटांचा कारखाना,
चामड्याचा वास न गेलेला दुसरा मजला.
तिथं त्यांनी ठरवलं,
गणकयंत्राला अख्खं दालन कशाला? कपाट पुरे.
(हे प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत, पहिल्या पानावर,
टाय लावलेल्या दोघांच्या फोटोखाली.)
पहिलं मॉडेल सात गिऱ्हाइकांनी घेतलं, दुसरं चाळिसांनी.
तिसऱ्यातलं आमचं, अनुक्रमांक चारशे सतरा,
वास्कोच्या खनिज कचेरीत, तिजोरीशेजारी.

त्याला आठ ठाऊक नव्हता.
सातानंतर थेट दहा.
हेडक्लार्क नावेलकर म्हणाले,
"आणि आठ बार्जी आल्या तर?"
"तर ते दहा म्हणेल."
त्यांनी वर्षभर खतावणी हातानंच ठेवली,
आणि वर्षअखेरीला ताळा जुळला तेव्हा
यंत्राचं नाही, स्वतःचं अभिनंदन केलं.

खाणीची लाल धूळ पंख्याच्या जाळीतून आत शिरे.
दर शनिवारी मी कुंचल्यानं
अख्खी डिचोली झाडून काढायचो.

यंत्र भरकटलं की त्याला मुळाक्षरांपासून शिकवायचं:
पुढच्या पट्टीवर बारा खटके,
वर-खाली, वर-खाली, सतरा ओळी.
मी कागद बघून लावायचो.
फ्लोरियानो ऑपरेटर छताकडे बघत लावायचा,
रविवारी इगर्जीत ऑर्गनवर बसायचा तसाच,
आणि सतराव्या ओळीनंतर
क्षणभर थांबायचा, आमेन म्हणण्याइतका.
मग टेलिटाइप खडखडायचा.

स्मृती तेव्हा हातात धरता येई.
कणीहून बारीक काळ्या कड्या,
एकेकीतून तारा ओवलेल्या,
भिंगाखाली, कुठल्याशा थंड गावातल्या बायकांनी.
फ्लोरियानोची एर्मेलिंदा डबा द्यायला आली,
कपाट उघडं होतं. वाकली, म्हणाली,
"हें क्रोशेचें काम. हांगा टांको चुकला."
आम्ही हसलो.
तीन महिने छळणारा दोष तिथंच निघाला.

वीज गेली की सगळं वास्को अंधारात बसे,
आम्ही मेणबत्ती शोधायचो,
आणि कपाटात त्या कड्या
शेवटचा आकडा गच्च धरून.

पुढं साडूंचं बिनसलं.
एकाला टेबलावरची छोटी यंत्रं करायची होती,
दुसरा म्हणाला, घरात हे कोण ठेवील?
मला भांडण कळलं ते किंमतपत्रकांतून:
आधी सुट्या भागांचे दर दुप्पट,
मग "उपलब्धतेनुसार",
मग लेटरहेडवर परकं नाव, खाली बारीक अक्षरात
"पूर्वीची हॅलोवेल".
शेवटी एक टेलेक्स, अडीच ओळींचा,
त्यातली अर्धी ओळ माझं नाव चुकवण्यात गेली.

अठ्ठ्याऐंशीत ते भंगारात निघालं, वजनावर.
ज्यानं पंधरा वर्षं लाखो टन मोजले
ते भरलं एकशे अठरा किलो.
नावेलकर निवृत्त होते, तरी आले.
पावती स्वतः तपासली.

स्मृतीची एक चौकट मी मागून घेतली.
ती माझ्या कपाटात आहे, धोतरजोडीच्या वर.
वायर ओढण्याआधी शेवटी भरलेला आकडा
'सांता रीता' बार्जीचा.
तो अजून आत असणार; कड्या विसरत नाहीत.

नातू म्हणतो, आजोबा, वाचून बघूया की,
कॉलेजात सगळी साधनं आहेत.

त्याला सांगायचं राहतंय.
या जातीच्या स्मृतीत वाचलं की पुसतं.
वाचणाऱ्यानंच मग
तोच आकडा लगोलग परत लिहायचा असतो.

फ्लोरियानो गेला.
माझे हात आताशा चहाचा कपही
बशीवर वाजवत ठेवतात.